हद्दीवरचा धक्का

मी धक्का बोलतोय. किनाऱ्यापासून सरळ पाण्यात गेलेला, बोटी बांधायला आणि पाय सोडून बसायला असतो ना, तो लाकडी धक्का. मिशिगनच्या उत्तरेला टॅमरॅक नावाचं तळं आहे. त्याच्या आत वळलेल्या एका कोपऱ्यात मी उभा असतो.

'असतो' म्हणालो खरा, पण बारा महिने नाही. हिवाळ्यात तळं गोठतं आणि गोठलेलं तळं धक्क्याची काही पत्रास ठेवत नाही, खांब पार पिरगाळून टाकतं. म्हणून ऑक्टोबरात माझे तुकडे सुटे करून किनाऱ्यावर एकावर एक रचतात. वसंतात बर्फ वितळला की सगळी मंडळी छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून कुडकुडत पाण्यात उतरतात आणि मला पुन्हा उभा करतात. दरवर्षी नव्याने जन्माला यायचं म्हणजे मजा असते. फक्त पहिले चार दिवस सांधे कुरकुरतात.

मला बांधलं लॅम्बर्ट कायपर्सने. तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याची बायको अर्डिस ओठांत खिळे धरून त्याच्या शेजारी उभी राहायची. तोंडात खिळे असल्यामुळे तिला बोलता यायचं नाही आणि लॅम्बर्ट तेवढ्यात सगळं बोलून घ्यायचा. सीडरच्या लाकडाचा तो वास अजून माझ्या अंगात आहे, असं मला वाटतं. बाकीचे म्हणतात, तो शेवाळाचा आहे.

कायपर्सांचं घर तळ्याला लागून नाही. मध्ये रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे चार छोटी घरं आहेत, त्यांतलं एक त्यांचं. त्या चौघांच्या वाट्याला मिळून तळ्याकाठची एक चिंचोळी जागा आलेली आहे. चार घरं, एक सामाईक प्लॉट आणि त्या प्लॉटपुढे मी एकटा. चार घरांच्या बोटी, चार घरांची पोरं, चार घरांचे कुत्रे माझ्याच अंगाखांद्यावर. तक्रार नाही. रिकाम्या धक्क्याइतकं उदास दुसरं काही नसतं.

आता तुम्हाला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुम्ही हसाल. मी चालतो.

झालं काय, की पहिल्या वर्षी लॅम्बर्टने किनाऱ्यावरच्या खडकात एक लोखंडी कडी ठोकून मला तिला बांधलं होतं. पण त्या जागी गाळ साचायला लागला. मग दर वसंतात तो पाण्यात पायाने चाचपून बघायचा आणि म्हणायचा, "इथे खांब रुततोय. जरा उजवीकडे घ्या." पुढच्या वर्षी पुन्हा, "जरा उजवीकडे." मला नेहमी 'गेल्या वर्षीच्याच जागी' लावायचं ठरलेलं असे. पण गेल्या वर्षीची जागा कोणाच्या लक्षात राहतेय. उजवीकडे, तळ्याला लागून असलेल्या मोठ्या घरात बर्निस नावाची एकटी बाई राहायची. तिला स्वतःचा धक्का नव्हता. ती व्हरांड्यातून ओरडायची, "अरे, आणखी घ्या की इकडे. माझ्या पुढ्यातली वाळू बघा कशी छान आहे."

असं करत करत मी वर्षांमागून वर्षं उजवीकडे सरकत गेलो. शेवटी मी सामाईक प्लॉटचा असूनही बर्निसच्या घरापुढे उभा होतो. बर्निस संध्याकाळी माझ्यावर खुर्ची टाकून बसायची. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

मग लॅम्बर्ट गेला.

तो गेल्यावर अर्डिस रोज सकाळी पोहायला यायला लागली. आधीही यायची, पण आता एक दिवस चुकवायची नाही. तिची कंबर दुखते म्हणून लॅम्बर्टने जाण्याआधी माझ्या कडेला एक रुंद पायऱ्यांची शिडी आणि धरायला कठडा लावून दिला होता. ती टॉवेल कठड्यावर टाकते, एकेक पायरी उतरते आणि पाठीवर पडून आकाशाकडे बघत तरंगते. एकदा तिने शेजारच्या स्टॅन वॉझनियाकला सांगितलेलं मी ऐकलं, "घरात मी म्हातारी असते रे. पाण्यात मला वयच नसतं." स्टॅन चार घरांपैकी एका घरातला, पाच पोरांचा बाप. एरवी बडबड्या माणूस. तो नुसताच गळ टाकून बसला.

बर्निसही थकली आणि मुलाकडे राहायला गेली. तिचं घर ड्वाइट आणि लोर्ना पेल्की या जोडप्याने घेतलं. ड्वाइट विमा कंपनीत दावे तपासून निवृत्त झालेला. हातात येईल ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, ही त्याची सवय. न्याहारीच्या डब्यामागचा मजकूरही तो सोडत नाही. मनात आयुष्यभर एकच हौस होती, की आपलं तळ्याकाठी घर असावं आणि घरापुढे आपला स्वतःचा धक्का असावा. आणि घर घेऊन बघतो तर पुढ्यात मी.

आता आमच्याकडची माणसं कशी आहेत, ते सांगायला हवं. तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. पाहुणा उठला तरी निरोप घेण्यात अर्धा तास जातो, त्यातला निम्मा वेळ गाडीची काच खाली करून. ड्वाइटही त्यातलाच. पहिल्या उन्हाळ्यात तो अर्डिसला म्हणाला, "चांगलाच मोठा आहे हो तुमचा धक्का."

"हो ना. लॅम्बर्टने बांधला," अर्डिस खूश होऊन म्हणाली.

मग महिन्याभराने, "आमच्या व्हरांड्यातून सूर्यास्त फार छान दिसत असेल, नाही? म्हणजे मध्ये काही नसतं तर."

"अहो, मग धक्क्यावर येऊन बघत जा. तिथून तर आणखी छान दिसतो."

दुसऱ्या उन्हाळ्यात ड्वाइटने नव्या ॲल्युमिनियमच्या धक्क्याच्या पेट्या मागवल्या आणि बरोबर माझ्यासमोर, हिरवळीवर रचून ठेवल्या. आता तरी समजतील, असा त्याचा हिशोब. स्टॅनने त्या बघितल्या आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन म्हणाला, "ड्वाइट, जागा नाही वाटतं ठेवायला? माझी शेड अर्धी रिकामी आहे. पोरांना सांगतो, उचलून ठेवतील."

ड्वाइटने आभार मानले. दुसरं काय करणार.

शेवटी त्याने टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावपंचायतीच्या, झोनिंग कचेरीत तक्रार दिली; कुठे काय बांधायचं ते तिथे ठरतं. एक उंच अधिकारी टेप घेऊन आला, खडकातली ती जुनी कडी त्याने शोधून काढली आणि तिथून माझ्यापर्यंत मोजलं. मग नोटीस आली. या सामाईक प्लॉटचा किनारा नव्या नियमाप्रमाणे धक्क्याला पुरेसा लांब नाही. पण धक्का नियमाच्या आधीपासूनचा असल्यामुळे चालेल, मात्र त्याच्या मूळ जागी. पुढच्या हंगामात तो कडीपाशी न्यावा, नाहीतर लावूच नये.

अर्डिस नोटीस घेऊन माझ्यावर येऊन बसली. स्टॅनही आला. "पण त्याने आधी काहीच कसं सांगितलं नाही?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिला राग आला नव्हता, तिला वाईट वाटलं होतं.

त्याच वेळी व्हरांड्यात ड्वाइट बायकोला सांगत होता, "दोन वर्षं सांगतोय मी त्यांना."

"कधी सांगितलंस?" लोर्ना म्हणाली. "मी ऐकलं ते तू त्यांना सूर्यास्ताचं सांगत होतास."

कडीपाशी म्हणजे कुठे, हे मला विचारा. तिथे आता मांडीभर गाळ आहे, वर कमळांची पानं आणि खाली चावरी कासवं. बोट तर सोडाच, तिथे बदकसुद्धा विचार करून उतरतं. शिडीवरून उतरलेली अर्डिस त्या गाळातून पुन्हा वर आलीच नसती. तिची मुलगी ॲरिझोनात असते आणि ती बरेच दिवस मागे लागली होती, की घर विकून इकडे ये. अर्डिस आजवर हसून विषय बदलत होती. त्या दिवशी ती स्टॅनला म्हणाली, "पाणी नसेल तर हे घर घेऊन मी काय करू? रस्त्याकडेची एक खोली. मग ॲरिझोना काय वाईट आहे?"

ॲरिझोनात वाळवंट आहे, एवढं मला माहीत आहे. माझा जीव थोडा थोडा झाला.

चारही घरांनी मिळून अपील केलं. सुनावणीला मला कोण बोलावणार, पण दुसऱ्या दिवशी स्टॅनने माझ्यावर उभं राहून सगळ्यांचे आवाज काढून ती अशी सांगितली की मी तिथेच होतो असं समजा.

टाउनशिपचं सभागृह म्हणजे अग्निशमन बंबाच्या शेजारची खोली. अपील ऐकणाऱ्या समितीची अध्यक्ष नदीन, एरवी शाळेची बस चालवते. तिने सगळ्यांना कॉफी घ्यायला लावली आणि मग अधिकाऱ्याला नकाशा पसरायला सांगितला. अधिकाऱ्याने नियम समजावून दिला. पाण्यातही प्रत्येक प्लॉटची हद्द असते. किनाऱ्यावरच्या कोपऱ्यांतून निघून ती तळ्याच्या मध्याकडे जाते. म्हणजे गोल केक कापल्यावर जशा फोडी होतात, तसं प्रत्येकाचं पाणी. किनाऱ्याशी रुंद, आत निमुळतं. आणि कुठल्याही धक्क्याने आपल्या फोडीच्या दोन्ही कडांपासून दहा दहा फूट आत राहायचं.

"हा बघा तुमचा धक्का," तो अर्डिसला म्हणाला. "आज हा पेल्कींच्या फोडीत उभा आहे. कडीपाशी नेलात तर तुमच्याच पाण्यात, कायदेशीर."

"गाळात," स्टॅन म्हणाला.

"गाळाबद्दल नियमात काही नाही."

नदीनने अर्डिसकडे बघितलं. "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

आणि अर्डिस काय म्हणाली असेल? तिथे तिचं सगळं पणाला लागलेलं, आणि ती म्हणाली, "नाही, तुमचंही बरोबर आहे." स्टॅन सांगत होता की त्याने तेव्हा कपाळाला हात लावला.

मग नदीनने ड्वाइटला सांगितलं, की तक्रार तुमची आहे, तर ते कलम सगळ्यांना एकदा वाचून दाखवा. ड्वाइट उठला. चष्मा लावून दहा फुटांचं कलम त्याने खणखणीत वाचलं. वाचून झाल्यावर माणूस खाली बसतो. पण ड्वाइट पान अर्ध्यावर सोडणाऱ्यांतला नाही. तो पुढे वाचत राहिला. "हेच अंतर नवीन बसवायच्या प्रत्येक धक्क्यालाही लागू राहील." इथे त्याचा आवाज जरा हळू झाला. त्याने मान वळवून नकाशाकडे पाहिलं.

"माझी फोड आत किती रुंद आहे?" त्याने विचारलं.

अधिकाऱ्याने पट्टी ठेवली. आम्ही कोपऱ्यात असल्यामुळे इथल्या फोडी लवकर निमुळत्या होतात. बोट तरंगेल इतकं पाणी जिथे लागतं, तिथे ड्वाइटच्या हद्दी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या होत्या.

"दहा या बाजूने, दहा त्या बाजूने," अधिकारी म्हणाला. "मध्ये उरतो तो… उरत नाही."

"मग माझा धक्का कुठे बसतो?"

"बसत नाही, ड्वाइट."

खोलीत कुणी हसलं नाही. स्टॅन म्हणाला, मनात उकळ्या फुटत होत्या, पण त्या माणसाचा चेहरा बघून हसवेना. ड्वाइट तिथे थांबू शकला असता. नियमांचं पुस्तक मिटून घरी गेला असता तर कुणी अडवलं नसतं. पण खाली अजून चार ओळी होत्या, आणि त्या त्याने वाचल्या. शेजारी शेजारी असलेल्या दोन प्लॉटचे मालक राजी असतील, तर दोघांत मिळून एकच धक्का सामाईक हद्दीवर लावता येईल. त्याला दहा फुटांचं बंधन नाही आणि किनाऱ्याच्या लांबीचंही नाही. दोन्ही मालकांच्या सह्या लागतील.

"हद्दीवर तळ कसा आहे?" नदीनने विचारलं.

"वाळू," ड्वाइट आणि अर्डिस एकदमच म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग. तिथल्या तिथे सह्या करून मोकळं व्हायचं. पण तुम्ही आमच्या माणसांना ओळखत नाही. ज्याच्या तक्रारीमुळे हे सगळं झालं, त्याने कुठल्या तोंडाने मागायचं? आणि ज्याने आपल्याला नको म्हटलं, त्याच्या दारात आपण जायचं म्हणजे त्याला अडचणीत टाकल्यासारखं नाही का? सगळेजण एकमेकांना "छान झाली सभा" म्हणाले आणि घरी गेले. ऑक्टोबरात माझे तुकडे काढले. तो हिवाळा मी बर्फाखाली पडून काढला. मला तिकडे झोप चांगली लागते, पण त्या वर्षी नाही लागली.

वसंत आला. तळं मोकळं झालं. आजूबाजूचे सगळे धक्के एकेक करून पाण्यात उतरले आणि मी गवतावर तसाच. अर्डिसने पेल्कींकडे रूबार्बच्या आंबट देठांचा केक पाठवला. लोर्नाने ताट रिकामं कसं परत करायचं म्हणून त्यात धुरावलेला मासा घालून पाठवला. त्या ताटाच्या चार फेऱ्या झाल्या. ड्वाइट रोज संध्याकाळी माझ्याजवळ यायचा, हात पाठीमागे बांधून माझ्याकडे बघायचा. अर्डिस रस्त्यावर दिसली की विचारायचा, "मासे कसे आहेत यंदा?"

"बरे आहेत," ती म्हणायची. झालं संभाषण.

आणि मग एक दिवस ती घरं विकणाऱ्या दलालाला घेऊन आली. चुणचुणीत तरुण बाई होती, हातात मोबाइल, फोटो काढतच आली. सामाईक प्लॉट बघून म्हणाली, "वा. आणि धक्का आहे ना? धक्का असला की जाहिरातीत लिहिता येतं, तळ्याची वाट आणि पोहण्याची सोय. गिऱ्हाईक लगेच उडी मारेल."

अर्डिस माझ्याकडे बघत उभी राहिली. माझ्या रचलेल्या तुकड्यांवर वरच तिची शिडी ठेवलेली होती. तिने शिडीच्या कठड्यावर हात ठेवला. पलीकडे ड्वाइट पालापाचोळा गोळा करत होता, म्हणजे एकच पाचोळा इकडून तिकडे नेत होता.

"जरा थांबा हं," अर्डिस त्या बाईला म्हणाली आणि हद्द ओलांडून सरळ ड्वाइटपुढे जाऊन उभी राहिली.

"ड्वाइट, मला हे घर विकायचं नाही," ती म्हणाली. "मला ॲरिझोना नको. मला रोज सकाळी या तळ्यात पोहायचं आहे. मला तुझी सही हवी आहे."

मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण 'मला हवं आहे' हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. लॅम्बर्टकडेही तिने कधी काही मागितलं नव्हतं. तो ओळखून द्यायचा.

ड्वाइटने दाताळं झाडाला टेकवलं. ते पडलं. त्याने उचलून पुन्हा टेकवलं. "अर्डिस, मी रोज संध्याकाळी हेच बोलायला बाहेर येतो," तो म्हणाला. "आणि माझ्या तोंडून मासेच निघतात."

"मासे बरे आहेत. सही करतोस का?"

"करतो. पण एक सांगतो, कुणाला बोलू नका. त्या ॲल्युमिनियमच्या पेट्या मी उघडल्या होत्या. माहितीपत्रक तीनदा वाचलं. मला ते जोडता येत नाही."

अर्डिस हसली. ती इतकी हसली की दलालबाईने मोबाइल खाली घेतला आणि तिच्या लक्षात आलं असावं, की आज काही फोटो लागणार नाहीत.

शनिवारी सगळे जमले. स्टॅन आणि त्याची पाच पोरं, लोर्ना कॉफीचा थर्मास घेऊन, आणि रबरी विजारीत पहिल्यांदाच शिरलेला ड्वाइट. पाण्यात पाय टाकताच त्याच्या घशातून असा आवाज आला की झाडावरचे कावळे उडाले. "दर वर्षी हे करता तुम्ही?" त्याने दातावर दात वाजवत विचारलं. "दर वर्षी," स्टॅन म्हणाला, "आणि दर वर्षी असंच विचारतो आम्ही एकमेकांना." अधिकारी येऊन हद्दीची दोरी ताणून गेला. माझ्या टोकाला ड्वाइटचे दोन ॲल्युमिनियमचे तुकडे जोडले. चकाचक आहे पोरगं, जरा उन्हात तापतं, पण शिकेल.

तर आता माझी हकीकत अशी आहे. हद्द माझ्या बरोबर मधल्या फळीवरून जाते. कागदावर डावी बाजू चार घरांची आणि उजवी पेल्कींची. पण ड्वाइट पेपर घेऊन कायम डावीकडे बसतो, कारण तिथे सकाळी सावली असते, आणि स्टॅनची पोरं उजवीकडून उड्या मारतात, कारण तिकडे पाणी खोल आहे. त्यांच्या उड्यांनी ड्वाइटचा पेपर भिजतो. तो म्हणतो, "जरा लांब उड्या मारायला छान वाटत नाही का रे तुम्हाला?" पोरं म्हणतात, "नाही." आताशा त्याला असं सरळ उत्तर बरं वाटतं, असं लोर्नाचं म्हणणं आहे.

माझ्या दोन-तीन फळ्या कुजायला आल्या आहेत. डावीकडून चौथी आणि शिडीजवळची. पुढच्या वसंतात बदलतील, ड्वाइटने लाकूड आणून ठेवलंय. तुम्हीही कधी माझ्यासारख्या सामाईक धक्क्यावर बसलात, तर एवढंच करा, पाय पाण्यात सोडा आणि शेजारच्याकडून काय हवं असेल ते त्याला सांगा. सूर्यास्ताचं आणि माशांचं नंतर बोलता येतं.

ऐकलंत, रस्त्यापलीकडे दाराचा आवाज झाला. अर्डिस निघाली. खांद्यावर टॉवेल आहे, कंबर आज जरा जास्तच धरलेली दिसतेय, चालताना ती उजवा पाय जपून टाकतेय. माझं बोलणं पुरे झालं आता. तिचा पाय फळीवर पडेल तेव्हा मी हलता कामा नये.